खाऱ्या हवेत ऐंशी हजारांचा फोन

जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की माझा फोन चार्जिंग घ्यायला नकार देतो. केबल लावली की पडद्यावर पाण्याचा थेंब उमटतो आणि खाली सूचना येते, पोर्टमध्ये ओलावा आहे, केबल काढा. फोन भिजलेला नसतो. तो खिशात असतो, नाहीतर उशाशी. पण आषाढात देवगडच्या हवेत कोरडं असं काही राहतच नाही. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, डब्यातले पापड सादळतात, कपाटातल्या कोटाला बुरा येतो. फोनच्या त्या इवल्याशा भोकाने तरी कोरडं का राहावं?

मग फोन पंख्याखाली ठेवायचा, पोर्ट खाली करून हलकेच आपटायचा आणि वाट बघायची. तांदळात पुरायचा नाही. तांदळाचे कण आणि भुकटी आत जाऊन बसते, असं फोनच्या कंपन्याच सांगतात. आमच्या आळीत तरी अजून तांदळाचा डबाच पहिला पुढे येतो.

यंदा पावसाळा सरला तरी थेंब जाईना, म्हणून स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्या पोराकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, टॉर्च मारला आणि मग भिंग माझ्याच हातात दिलं. टाइप सी पोर्टात मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा पिना. नव्या फोनात त्या सोनेरी दिसतात. माझ्या फोनातल्या कडेच्या पिनांवर हिरवट पूड धरली होती, समईच्या बुडाशी धरते तशी. "खारो वारो खाता ह्येका," तो म्हणाला. "पिनेचा सोना गेला काय तांबा उघडा पडता. वर तुम्ही ओल्यात चार्जिंग लावतास." शास्त्रही तेच आहे. हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं, त्या खारट ओलाव्यातून दोन पिनांमध्ये वीज झिरपते आणि धातू झिजायला लागतो. नुसत्या दमट हवेत जे व्हायला काही वर्षं लागतील, ते मीठ आणि वीज मिळून लवकर उरकतात. ब्रश आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने त्याने पोर्ट साफ करून दिला, पण "टिकाचा नाय" हेही सांगून टाकलं.

फोन बदलायचा का, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

फोन २०२२ चा. काच शाबूत, सुरक्षेचे अपडेट अजून वर्षभर तरी येणार, फक्त बॅटरी दुपारी तीनच्या सुमारास दम टाकते. एवढ्यावर माणसाने फोन बदलू नये. पण मला तुलना करायला आवडतं, हे आधीच कबूल करतो. इंजिन घ्यायचं असो की औषध फवारायचा पंप, घेण्याच्या आधीचे दोन महिने हीच माझी खरी चैन असते. वही काढली, रकाने आखले आणि वर तीन नावं लिहिली. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस २५, जानेवारी २०२५ मध्ये आलेला. गूगलचा पिक्सेल १०, ऑगस्टमधला. ॲपलचा आयफोन १७, सप्टेंबरमधला. बाजारात आले तेव्हा २५६ जीबीच्या मॉडेलच्या किमती अनुक्रमे ८०,९९९, ७९,९९९ आणि ८२,९०० रुपये. तिघांत फरक तीन हजारांच्या आतला. म्हणजे किमतीवरून निवड होणार नाही, अशी कंपन्यांनीच सोय करून ठेवलेली. या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. २०२५ च्या सप्टेंबरात टीव्ही आणि एसीवरचा कर उतरला, मोबाइलचा होता तिथेच राहिला. ऐंशी हजारांतले बारा हजार कराचे, हा हिशोब बायकोला सांगायची गरज नव्हती. सांगितला.

"तुमचो फोन चलता मां?" ती म्हणाली. "मगे कित्याक?"

आंब्याच्या सीझनला पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं तीच सांभाळते. ऑर्डरी, पत्ते, पैसे आले की नाहीत, कुरिअरच्या पावत्या, सगळं तिच्या फोनवर. तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं. मी वही पुढे ओढली.

यूट्यूबवरचे परीक्षणवाले ज्या क्रमाने बोलतात, त्याच क्रमाने माझे रकाने होते. प्रोसेसर, रॅम, पडदा, कॅमेरा, बॅटरी. प्रोसेसरवर मी मिनिटभरही घालवला नाही. व्हॉट्सॲप, हवामान, बाजारभाव आणि युपीआय यांना यातला कुठलाही प्रोसेसर पुरून उरतो. रॅम दोघांना १२ जीबी, आयफोनला ८, आणि आयफोनचं त्यावाचून काही अडत नाही. हे रकाने बंगळुरूच्या एसी खोलीत बसलेल्या माणसाने आखलेत, हे हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. त्याच्या खोलीत मीठ नाही.

उदाहरणार्थ आयपी ६८. तिन्ही फोनांवर हा शिक्का आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ८ म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त खोल बुडवून केलेली चाचणी, किती खोल ते कंपनीने सांगायचं. सॅमसंग दीड मीटर सांगते, ॲपल सहा मीटर, दोन्हींकडे अर्धा तास. वाचून माणूस खूश होतो. पण ही चाचणी प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्यातली असते आणि फोन वापरात जुना होत गेला की हे संरक्षण कमी होतं. सॅमसंगच्या बारीक अक्षरांत तर समुद्रकिनाऱ्यावर किंवा पोहण्याच्या तलावात वापरू नका, असा सल्लाही आहे. किनाऱ्यावर वापरू नका! आमच्या अंगणातून समुद्र ऐकू येतो. खळ्यात बसून फोन लावायचा म्हटलं तरी मी कंपनीच्या सल्ल्याबाहेरच. आणि पाणी शिरून फोन गेला तर वॉरंटी सहसा हात वर करते. बंदरावरचे खलाशी म्हणूनच असल्या शिक्क्याच्या भानगडीत पडत नाहीत. दहा-बारा हजारांचा फोन, वर चेन लावलेली प्लास्टिकची पिशवी, ती गळ्यात. पिशवीवरूनच बोट फिरवायचं. रेंज असेल तिथपर्यंत फोन, पुढे वायरलेस सेट.

मग मी वहीचं पान उलटलं आणि रकाने नव्याने आखले.

पहिला रकाना, केबल न लावता चार्जिंग. परीक्षणांत हे चोचल्यांत मोडतं, शेवटी एका वाक्यात उरकतात. माझ्या दृष्टीने हाच सगळ्यांत मोठा मुद्दा. पोर्टच खराब होणार असेल, तर पोर्ट न वापरता बॅटरी भरली पाहिजे. थेंब उमटला तरी वायरलेस चार्जिंग चालतं, कारण त्या पिनांशी त्याचा संबंधच नाही. तिन्ही फोनांत ही सोय आहे. पिक्सेल १० आणि आयफोन १७ यांच्या पाठीत चुंबक आहे, चकती आपसूक बरोबर जागी चिकटते. एस २५ ला त्यासाठी चुंबकाचं कव्हर घ्यावं लागतं, नाहीतर रात्री फोन चकतीवरून जरासा सरकतो आणि सकाळी बॅटरी होती तिथेच. वायरलेसने फोन जास्त तापतो आणि थोडी वीजही वाया जाते, ते खरं. तरी पावसाचे चार महिने पोर्टाला रबरी बूच लावून चकतीवर भागवता येईल, ही कल्पना मला फारच आवडली. कुठल्या व्हिडिओत ती ऐकली नव्हती, म्हणून जास्तच.

दुसरा रकाना उन्हाचा. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. आयफोन १७ आणि पिक्सेल १० कमाल ३००० सांगतात, एस २५ २६०० सांगतो. कातळावर एप्रिलच्या दुपारी उभं राहून पत्ता वाचायचा तर हा आकडा कामाचा. पण त्याच कातळावर फोन तापला की तो स्वतःच उजेड उतरवतो आणि चार्जिंगही थांबवतो. ॲपल आपला फोन शून्य ते पस्तीस अंश हवेत वापरायला सांगते. पस्तीस अंश हा आमच्याकडे तक्रारीचा नाही, गप्पांचा विषय असतो, आणि काळ्या कातळावर पाय ठेवला की सावलीतल्या तापमानाला काही अर्थ उरत नाही. म्हणजे ३००० निट्स पहिली काही मिनिटं. नंतर टोपी काढून फोनवर धरायची, पूर्वीसारखी.

तिसरा रकाना बोटांचा. मार्च ते मे आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागतं. काजूच्या तेलाने कातडं सोलून निघतं. काजूगर काढणाऱ्या बायकांचे अंगठे रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत ते त्यामुळेच. एस २५ आणि पिक्सेल १० या दोघांत पडद्याखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे. तो उजेडावर नाही, ध्वनिलहरींवर बोटाच्या रेघा वाचतो, त्यामुळे ओल्या बोटाला तो बऱ्यापैकी दाद देतो. पण रेघाच नसतील तर तो तरी काय वाचणार? आयफोनला बोटाचं सोयरसुतक नाही. तो इन्फ्रारेड ठिपके टाकून चेहरा ओळखतो आणि लाईट गेलेल्या घरातही ओळखतो. इथे आयफोनला पूर्ण गुण. एवढे गुण त्याला परत कुठे पडले नाहीत.

कॅमेऱ्याची परीक्षा मात्र जत्रेत झाली.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर आमच्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावतार. पुतण्या मुंबईहून पिक्सेल १० घेऊन आलेला, भाचीकडे आयफोन १७, शेजारच्या वाडीतल्या एकाकडे एस २५. देवळापुढच्या मांडवात तिघांना एका रांगेत उभं करून घेतलं. असा योग परत कुठला? पायपेटी आणि पखवाज घुमायला लागला, झांज तापली आणि काळा राक्षस, संकासुर, आला. तिघांनी एकदम फोटो काढले.

तिन्ही फोटोंत रात्र नव्हती. फोनचा नाइट मोड एक फोटो काढत नाही. तो भराभर अनेक फोटो घेतो, एकावर एक रचतो आणि काळोख उपसून काढतो. संकासुराच्या अंगावरचा काळा कपडा एका फोनात करडा झाला होता, मागचा पडदा नवा कोरा दिसत होता आणि मांडवाच्या वाशांवरचं कोळीष्टकसुद्धा स्पष्ट. प्रत्यक्षात ट्यूबलाइटच्या उजेडात त्याचे नुसते डोळे आणि लाल जीभ दिसते, म्हणून तर पोरं घाबरतात. फोटोतल्या संकासुराला कोण घाबरणार? मग युद्ध सुरू झालं. राजा आणि राक्षस गिरक्या घेत तलवारी परजायला लागले तेव्हा तिघांचीही त्रेधा. एकावर एक रचायला समोरचा माणूस स्थिर लागतो, आणि दशावतारातला राजा स्थिर असतो तो फक्त संवाद लांबवताना.

झूममध्ये कागदावर पिक्सेल १० पुढे. त्याला पाचपट जवळ नेणारी वेगळी लेन्स आहे, एस २५ ला तिप्पट, आयफोन १७ ला तशी लेन्सच नाही, मुख्य कॅमेऱ्यातूनच तो दुप्पट कापून देतो. पण कमी उजेडात फोन बरेचदा झूमची लेन्स बाजूला ठेवतो आणि मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतो, कारण लांबच्या लेन्सचा सेन्सर लहान असतो. पुतण्याने पाचपटीवर काढलेल्या स्त्रीपार्टीच्या चेहऱ्यावरचा रंग मेणासारखा गुळगुळीत आला होता. पेटाऱ्यावर आरसा ठेवून त्या नटाने स्वतःच्या हाताने काढलेल्या भुवयांची रेघ सफाचट. पुतण्या म्हणाला, "काका, हे सॉफ्टवेअर अपडेटमध्ये सुधारेल." सुधारेलही. तोवर भाचीच्या आयफोनमधला, जवळ जाऊन काढलेला फोटो मला सगळ्यांत खरा वाटला. काळा जरा काळा होता. श्रेय तिच्या पायांना.

दुसऱ्या दिवशी मी तिघांच्या फोनांतून कलमांचे फोटो काढले. आंबा धरायला अजून अवकाश होता, नुसता पालवीचा तांबूस रंग. तो तिघांत तीन तऱ्हांचा आला. माझं घोडं इथेच अडतं. फोन रंग चढवून दाखवतो, लोकांना तसंच आवडतं. हिरवं जास्त हिरवं, जांभा जास्त तांबडा. निसर्ग दाखवायला ठीक. पण आंबा विकणाऱ्याला रंग चढवणारा कॅमेरा म्हणजे घरबसल्या भांडण. आम्ही आंबा तयार झाला की हिरवटच उतरवतो, तो पेटीत गवताखाली पिकतो. फोटोत पिवळाजर्द दिसला आणि पेटीत हिरवट निघाला की फोन बायकोला येतो, मला नाही. एक बाई तर तिला म्हणाल्या होत्या, फोटोतले आंबे पाठवा, हे नकोत. आणि कापल्यावर आत साका, म्हणजे गराचा पांढरट स्पंजासारखा भाग, निघाला तर? साका बाहेरून आम्हाला दिसत नाही, ५० मेगापिक्सेलला दिसत नाही, २०० ला दिसणार नाही. हे दोनशे मेगापिक्सेलवालेही सोळा ठिपके जोडून एक करतात आणि हातात देतात साधारण बारा मेगापिक्सेलचाच फोटो.

रेंजचा रकाना मी आखला आणि रिकामाच सोडला. देशात ५जी ऑक्टोबर २०२२ पासून आहे. आमच्या घळीत कुठली रेंज कधी येईल हे माडांच्या झावळ्या ठरवतात, अशी गावात थट्टा आहे. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आणि डोंगराआडून बऱ्या शिरतात. जिओने ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तो त्यासाठीच. तिन्ही फोन असे पट्टे पकडतात, म्हणजे तिघे सारखेच. टॉवर जिथे आहे तिथे आहे, ऐंशी हजार मोजून तो अलीकडे सरकत नाही. आमच्या घरात खरा फरक पडला तो वायफाय कॉलिंगने. फायबरची जोडणी घेतली, राउटर इन्व्हर्टरवर टाकला आणि आडवं पडून फोनवर बोलता यायला लागलं. ही सोय माझ्या जुन्या फोनातही आहे.

बॅटरीच्या आकड्यांवर लोक तासन्‌तास भांडतात. एस २५ ला ४०००, पिक्सेल १० ला ४९७०, आयफोनवाले एमएएच, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा हा आकडा, सांगतच नाहीत, व्हिडिओ किती तास चालेल ते सांगतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ इथून गेलं तेव्हा वीज गेली ती कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस आली नाही. आम्ही गाडीवर फोन चार्ज करत होतो आणि फोन भरलेला असून रेंज नव्हती, कारण टॉवरच्या बॅटऱ्याच संपल्या होत्या. त्या आठवड्यात कामाला आला तो रेडिओ.

राहिला मुद्दा सात वर्षांचा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस २४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलंय. ॲपल तसा आकडा मिरवत नाही, पण २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ चं आयओएस २६ मिळालं, हे बोलकं आहे. ऐंशी हजारांना सात वर्षांनी भागलं की वर्षाला साडेअकरा हजारांच्या आत पडतात, आणि मग महाग फोन एकदम स्वस्त वाटायला लागतो. विक्रेत्यांचं हे आवडतं गणित आहे. त्यात बॅटरी धरलेली नसते. आयफोन १५ पासून पुढच्या फोनांची बॅटरी हजार वेळा भरून झाल्यावर ८० टक्के ताकद राखेल, असं ॲपल सांगते. रोज एकदा भरली तर ती झाली पावणेतीन वर्षं. पिक्सेल १० तर दोनशे वेळा भरून झाल्यावर बॅटरीचा ताण आपणच थोडाथोडा उतरवायला लागतो, म्हणजे क्षमताही उतरते, आणि ही सोय बंद करता येत नाही. सात वर्षांत दोनदा तरी बॅटरी बदलावी लागणार. ती कुठे? मी दुरुस्ती केंद्रांचे पत्ते आणि अंतरं लिहून काढली. एका कंपनीसाठी घाट चढून कोल्हापूर गाठायचं, आणि पावसात दरड आली की घाट बंद. माझा पोर्ट बिघडणार तोही पावसातच. सात वर्षांचं सॉफ्टवेअर देणाऱ्याने सात वर्षं पुरणारी पिन द्यावी, नाहीतर तालुक्याला एक भिंगवाला पोरगा द्यावा.

शेवटी मी स्टँडवर जाऊन बॅटरी बदलली आणि पोर्टचा तुकडाही नवा बसवून घेतला. त्या मॉडेलमध्ये पोर्ट वेगळ्या छोट्या पट्टीवर असतो, म्हणून जमलं. त्याने बिल केलं त्यात आयफोनचं मूळ कव्हरही आलं नसतं. फोन आता रात्री अकरापर्यंत चालतो. तिघांतला घ्यायचाच झाला असता तर पिक्सेल घेतला असता, पाठीतल्या चुंबकापायी. सुरक्षेचे अपडेट थांबतील तेव्हा पुन्हा वही काढीन, तोवर हेच मॉडेल उतरलेल्या भावात मिळेल.

वही टेबलावर उघडी राहिली होती, ती बायकोने वाचली. तिचा फोन ६४ जीबीचा, दर आठवड्याला गिऱ्हाइकांचे फोटो पुसून जागा करते. हे मला माहीत होतं, पण ते माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. तिने माझं पेन घेतलं, प्रोसेसर खोडला, झूम खोडला, निट्स म्हणजे काय ते विचारून तेही खोडलं. खाली लिहिलं, जागा जास्त, रंग खरो, रिंग मागल्या कलमाकडे ऐकाक येवची. आणि समोर बजेट लिहिलं, तीस हजार. एवढ्यात सहा वर्षं अपडेट देणारे फोन आता मिळतात, हे मी तिला सांगितलं. रिंग किती लांब ऐकू येते हे मात्र कुठल्याच परीक्षणात सापडलं नाही. ते दुकानातच बघायचं ठरलंय. मोहोर फळाला लागायच्या आत कणकवलीला जायचं, तिथला एक फोन वाजवायचा आणि मी रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं.